इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची वायरिंग आणि मध्येच बंद पडणारी गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना गिऱ्हाइकं आणि नव्याने शिकणारी पोरं जे प्रश्न परत परत विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. थ्रॉटल म्हणजे इंजिनात किती हवा जाऊ द्यायची ते ठरवणारा भाग. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीचा वायरिंग डायग्राम वेगळं सांगत असेल तर डायग्रामचं ऐका.

गाडी चालता चालता बंद पडाय लागल्या. थ्रॉटल गेला म्हणायचा का?

इतक्यात नको. कशी बंद पडते ते आधी बघा. चांगल्या वेगात असताना किल्ली फिरवल्यासारखी खटकन बंद पडत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा), मेन रिले (मुख्य वीजपुरवठ्याचा स्विच), इग्निशन स्विच, बॅटरीचे टर्मिनल यांच्यावर पहिला संशय घ्या. आधी आचके, मग ओढ कमी आणि मग बंद, असं होत असेल तर बहुतेक पेट्रोलचा पुरवठा: पंप किंवा फिल्टर.

थ्रॉटलच्या वायरिंगची खोडी वेगळी असते. पाय काढला की ती दिसते. चन्नम्मा चौकात सिग्नलला येता, गाडी न्यूट्रल करता, आरपीएमचा काटा खाली येतो, नेहमीच्या जागी थांबत नाही आणि तसाच शून्यावर जातो. एसीचा कॉम्प्रेसर लागताना किंवा पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवताना असंच होतं. लगेच सेल्फ मारला की गाडी चालू होते, जणू काही झालंच नव्हतं. कधी इंजिनचा पिवळा दिवा लागतो, कधी नाही. कधी गाडी बंद न पडता रेसच घेत नाही आणि बैलगाडीच्या चालीने घरी यावं लागतं. यातलं काही ओळखीचं वाटत असेल तर पुढचं तुमच्यासाठी.

माझ्या गाडीला केबल आहे की वायर, कसं ओळखायचं?

एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप जिथे इंजिनला मिळतो, ती थ्रॉटल बॉडी. तिला बाहेरून लोखंडी केबल आणि फिरणारी चकती दिसली तर थ्रॉटल साधा आहे. फक्त एक कपलर (वायरींचा प्लग) दिसला आणि तिकडे अॅक्सिलरेटरच्या पेडललाही कपलर असला, तर इलेक्ट्रॉनिक.

इलेक्ट्रॉनिकमध्ये तुमचा पाय फ्लॅपला (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या झडपेला) हलवत नाही. पेडलमधले दोन सेन्सर ‘इतका दाबला’ हे ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) व्होल्टेजच्या रूपात सांगतात. ईसीएम थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या मोटरला करंट देऊन फ्लॅप उघडतो, आणि तो खरोखर किती उघडला हे थ्रॉटल बॉडीतले आणखी दोन सेन्सर ईसीएमला उलट कळवतात. थ्रॉटल बॉडीच्या कपलरला बहुतेक गाड्यांत सहा पिना असतात: दोन मोटरच्या, एक ५ व्होल्टची, एक सेन्सरच्या अर्थची (मायनसची) आणि दोन सिग्नलच्या. पेडललाही बहुधा सहा, कारण तिथे दोन्ही सेन्सरना ५ व्होल्ट आणि अर्थ वेगवेगळे दिलेले असतात.

वायर तुटली तर नुसती रेस जायला हवी. गाडी बंद का पडते?

हा प्रश्न ज्याला पडला त्याला निम्मं काम समजलं. मोटरची वायर पूर्ण तुटली तर गाडी सहसा बंद पडत नाहीच. आतली स्प्रिंग फ्लॅपला किंचित उघड्या जागी आणून ठेवते. तेवढ्या हवेवर इंजिन जरा चढ्या आवाजात चालू राहतं, दिवा लागतो आणि गाडी हळूहळू घरी नेता येते. कंपनीने ती सोय मुद्दाम केलेली असते.

बंद पडते ती अर्धवट दोषाने. समजा सेन्सरच्या अर्थच्या वायरीला गंज चढला. अर्थ कच्चा झाला की सिग्नलचं व्होल्टेज खऱ्यापेक्षा वर सरकतं. बऱ्याच गाड्यांत पहिल्या सेन्सरचं व्होल्टेज फ्लॅप उघडताना वाढतं आणि दुसऱ्याचं कमी होतं. त्यामुळे दोन्ही एकदम वर सरकले तर ईसीएमला खोट कळायला हवी. पण फरक फार थोडा असेल तर तो त्याच्या सहनमर्यादेत बसतो आणि कोड (स्कॅनरवर दिसणारा दोषाचा क्रमांक) येत नाही. ईसीएमला वाटतं फ्लॅप जास्त उघडा आहे, म्हणून तो फ्लॅप आणखी मिटवतो. वेगात असताना एवढ्याशा चुकीने काही बिघडत नाही. आयडलवर (पेडलवरून पाय काढलेला, इंजिन नुसतं चालू) मात्र इंजिन हवेच्या अगदी थोड्या फटीवर जगत असतं. तीही मिटली की बंद.

दुसरी वाट मोटरच्या वायरींची. वायर तुटलेली नाही, पण कपलरमधली पीन सैल आहे किंवा आतल्या चार-सहा तारांवरच संपर्क टिकून आहे. आयडलवर कॉम्प्रेसरचा भार पडताच ईसीएम फ्लॅप उघडायला सांगतो, पण मोटरला पुरता करंट मिळत नाही. फ्लॅप उशिरा हलतो आणि तेवढ्यात इंजिन दम सोडतं.

तिसरी वाट सगळ्यात फसवी. ५ व्होल्टचा तोच पुरवठा अनेक गाड्यांत मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), एसीचा प्रेशर सेन्सर वगैरेंनाही जातो. त्यातली एखादी वायर सोलून बॉडीला टेकली की सगळ्यांचे ५ व्होल्ट एकदम खाली येतात. हॉल पद्धतीचा (पुरवठा लागणारा, चुंबक ओळखणारा) क्रँक किंवा कॅम सेन्सर त्याच लाइनवर असेल तर इंजिन जागच्या जागी बंद. अशा वेळी स्कॅनरवर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम येतात आणि लोक म्हणतात, ‘ईसीएम गेला.’ ईसीएम बिचारा ठणठणीत असतो.

स्कॅनरवर पी २१३५ आलाय. थ्रॉटल बॉडी बदलू?

नको. या एका घाईपायी लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही. पी २१३५ म्हणजे थ्रॉटलच्या दोन सेन्सरांचं एकमेकांशी जमत नाही, इतकंच. ते सेन्सरमुळे, वायरीमुळे की कपलरमुळे, हे त्याला ठाऊक नसतं.

पी २१३८ ही पेडलच्या सेन्सरांबद्दलची तीच तक्रार आहे. तो कोड असताना थ्रॉटल बॉडी बदलली जाते आणि गाडी तशीच राहते. पी ०१२२ म्हणजे पहिल्या सेन्सरचा सिग्नल फार खाली, पी ०१२३ म्हणजे फार वर. दुसऱ्या सेन्सरसाठी पी ०२२२ आणि पी ०२२३. पी २१०० म्हणजे मोटरचं सर्किट तुटलेलं, पी २१०१ म्हणजे सांगितलं तसा फ्लॅप हलत नाही. पी ०६४१ किंवा पी ०६५१ दिसला तर थ्रॉटल बाजूला ठेवा आणि ५ व्होल्टच्या मागे लागा.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. कोड आला तेव्हा वेग किती होता, आरपीएम किती, बॅटरीचं व्होल्टेज किती, हे त्यात मिळतं. बरेच जण आधी कोड पुसतात आणि मग विचार करतात.

कोडच येत नाही, तरी बंद पडते. मग?

लाइव्ह डेटा बघा. दोन्ही थ्रॉटल सेन्सरांची व्होल्टेज, ईसीएमने मागितलेला फ्लॅपचा कोन आणि मिळालेला कोन असे आलेख एकाच पडद्यावर लावा. इंजिन आयडलवर ठेवून एसी चालू-बंद करा. मागितलेला कोन चढला आणि मिळालेला मागे रेंगाळला तर मोटरची बाजू. दोन्ही सिग्नल एकदम उडी मारून परत आले तर अर्थ किंवा ५ व्होल्ट. एकच सिग्नल उडाला तर ती एक वायर, तिची पीन किंवा सेन्सरच.

स्कॅनर डेटा हळू घेतो, तेव्हा क्षणभराची तूट त्यात दिसेलच असं नाही. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या सोयीवर) लावा आणि वायरिंग हलवत जा.

मीटर घेऊन नेमकं काय तपासायचं?

सगळ्यात आधी बॅटरी. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर आधी ते निस्तरा. मग बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंत आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारे अर्थचे पट्टे सोडवून, घासून, परत आवळा. यात कसलीच हुशारी नाही. पण निम्म्या गाड्यांचं निदान इथेच संपायला हरकत नसते.

पुढचं मोजमाप कपलर लावलेला ठेवून, मागच्या बाजूने बारीक सुई सरकवून करायचं. वायरीचं वेष्टण टोचू नका. आज टोचलेल्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं. कपलर काढून त्याच्या तोंडात मीटरची जाड सुई खुपसणं त्याहून वाईट, कारण मादी पीन फाकते आणि नसलेला लूज कॉन्टॅक्ट तुम्ही तयार करून देता.

किल्ली ऑन, इंजिन बंद. काळी सुई बॅटरीच्या मायनसला. ५ व्होल्टच्या पिनेवर ५ च्या आसपासच आकडा हवा. ४.५ आला तर तो ‘जवळपास ठीक’ नसतो, दोष असतो. सेन्सरच्या अर्थ पिनेवर शून्याच्या जवळ हवा. ०.०५ पर्यंत उत्तम, ०.१ च्या वर गेला तर अर्थची वायर ईसीएमपर्यंत शोधा. हे एक मोजमाप फार कमी लोक करतात, आणि कोड न येता बंद पडणाऱ्या गाडीत पहिल्यांदा हेच करावं असं माझं मत आहे.

मग दोन्ही सिग्नल बघा. उलट्या दिशेने चालणाऱ्या जोडीत दोन्हींची बेरीज पेडलच्या कुठल्याही जागी ५ व्होल्टच्या आसपास राहते. पेडलच्या सेन्सरांत बहुधा एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असतो. पेडल अगदी सावकाश दाबा आणि आकडा कुठे अडखळतो का ते पाहा.

सिग्नल खाली असल्याचा कोड असेल तर एक सोपी युक्ती आहे. किल्ली बंद करून कपलर काढा, वायरिंगच्या बाजूला ५ व्होल्टची पीन आणि सिग्नलची पीन छोट्या रेझिस्टरमधून जोडा, किल्ली ऑन करून स्कॅनरवर बघा. सिग्नल ५ च्या जवळ गेला तर वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, दोष सेन्सरचा. गेला नाही तर वायर शोधा. पिना डायग्रामवरूनच ओळखा. चुकून मोटरच्या पिनेला जोड लागला तर ईसीएमचं नुकसान होऊ शकतं.

५ व्होल्टच खाली असतील तर त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत आले, तो दोषी. सगळे काढूनही आले नाहीत तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे.

मीटर ‘बीप’ वाजवतोय. मग वायर चांगली ना?

बीप वाजायला एक तार पुरते. मीटर त्या वायरीतून नावापुरता करंट पाठवतो, मोटरला अँपिअरमध्ये लागतो. म्हणून वायरीला कामाला लावून तपासा. बॅटरी काढा, ईसीएमकडचा आणि थ्रॉटलकडचा असे दोन्ही कपलर सोडवा, आणि त्या एकट्या वायरीतून बाहेरच्या बॅटरीने बल्ब पेटवा. मोटरच्या वायरीला २१ वॅटचा, सेन्सरच्या बारीक वायरीला ५ वॅटचा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला आणि वायर हलवूनही लुकलुकला नाही, तर वायर पास. ईसीएम जोडलेला असताना हा प्रयोग कधीही करू नका. टेस्ट लॅम्पही ५ व्होल्टच्या सर्किटला लावू नका.

वायर नेमकी कुठे खराब होते?

आपल्या भागात पहिला मान उंदराचा. ऊस तुटायला लागला की शिवारातले उंदीर घराकडे सरकतात, आणि गोठ्याशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ लावलेल्या गाडीचं गरम बॉनेट त्यांना आवडतं. रायबाग, चिकोडी, अथणीकडच्या गाडीचं बॉनेट हंगामात उघडलं की मी आधी लेंड्या आणि कुरतडलेला फोम शोधतो. उंदीर वायर पूर्ण तोडतोच असं नाही. वेष्टण सोलून ठेवतो आणि तांबं उघडं पडतं. ते ओल्या दिवशी टेकतं, कोरड्या दिवशी टेकत नाही.

दुसरी जागा म्हणजे जिथे वायरिंग बॉडीवरून इंजिनवर जातं. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, आणि मधली वायर रोज वाकते. इंजिन माउंट (इंजिनाचे रबरी टेकू) खचलेले असतील तर जास्तच. बॅटरीच्या ट्रेखालून जाणारं वायरिंग अॅसिडने खाल्लं जातं. अपघातानंतर पुढचा भाग उघडलेल्या गाडीत क्लिप परत लावलेल्या नसतात आणि वायरिंग एखाद्या धारेवर घासत राहतं. क्लचचं काम झाल्यावर तक्रार सुरू झाली असेल तर गिअरबॉक्सवरचा अर्थ परत आवळलाय का तेवढं बघा.

पावसाळ्यातच त्रास होतो, उन्हाळ्यात नाही. असं का?

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्याने अंगावर घेतलाय त्याला सांगायला नको. कपलरचं रबर सील फाटलं असेल तर पाणी आत बसतं आणि पिनांवर हिरवा थर चढतो. दोन पिनांमध्ये ओल आली की ५ व्होल्टमधून सिग्नलकडे थोडा करंट झिरपतो आणि आकडा खोटा होतो. वाळलं की गाडी बरी. गॅरेजला आणेपर्यंत ऊन पडलेलं असतं आणि दोष सापडत नाही.

सुक्या दिवशी हा दोष शोधायचा तर झाडांना पाणी मारायच्या हाताच्या पंपाने कपलर आणि वायरिंगवर थोडं थोडं पाणी उडवा आणि आलेख बघा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर थेट थ्रॉटलवर मारू नका. थर साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. रॉकेल, पेट्रोल, सॅंडपेपर यातलं काही नको, सॅंडपेपरने पिनेवरचा मुलामा निघतो.

बाहेरून सीएनजी किट बसवलंय. त्याचा संबंध असू शकतो?

असू शकतो, आणि तक्रार किट बसवल्यानंतर सुरू झाली असेल तर तपासणी तिथूनच सुरू करा. किटच्या वायरी इंजेक्टरला, आरपीएमच्या सिग्नलला, काही किटमध्ये मॅप किंवा थ्रॉटल सेन्सरच्या सिग्नललाही जोडतात. फिटरने मूळ वायर ब्लेडने सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळली असेल तर इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. रिमोट लॉक, म्युझिक सिस्टिम, जादा दिवे यांचीही तीच गत. असे जोड दिसले की वाद न घालता सगळे उघडा.

गाडी फक्त सीएनजीवर बंद पडते आणि पेट्रोलवर नाही, असं असेल तर थ्रॉटलची वायर सोडा आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा), गॅसचा फिल्टर आणि ट्यूनिंग बघा.

डिझेल गाडीलाही हे लागू आहे का?

पेडलपुरतं आहे. डिझेल इंजिनाची ताकद हवेच्या फ्लॅपवर नाही, डिझेलच्या मापावर ठरते. पेडलचा सिग्नल गेला की गाडी चढ्या आयडलवर अडकते, पण सहसा बंद पडत नाही. मध्येच बंद पडणाऱ्या डिझेलमध्ये रेलचं (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर, फिल्टरमधलं पाणी आणि क्रँक सेन्सर आधी बघा.

थ्रॉटल साफ केला की बरी होते म्हणतात. खरं का?

कधी कधी. फ्लॅपच्या कडेला काजळी साचली की फट लहान होते आणि लक्षणं अगदी वायरिंगच्या दोषासारखी दिसतात. म्हणून साफ करायला माझी ना नाही. फक्त किल्ली ऑन असताना फ्लॅपला बोट लावू नका. मोटर बोट चेंगरू शकते, आणि ढकलल्याने आतले प्लॅस्टिकचे गिअरही जातात. साफ केल्यावर आयडलचं लर्निंग करावं लागतं, म्हणजे ईसीएमला आयडलची फट नव्याने शिकवावी लागते. ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, काहींचं किल्लीने होतं, काहींना स्कॅनर लागतो. ते न केल्याने आयडल चढ-उतार करत असेल तर तो नवा दोष समजून पार्ट बदलू नका.

बॅटरीची वायर काढून लावल्यावर दोन दिवस बरी चालली म्हणून दोष गेला असंही नाही. ईसीएमने शिकलेलं पुसलं गेलं, एवढंच.

वायर सापडली. जोडायची कशी?

तेवढ्याच जाडीची गाडीची वायर घ्या, घरातल्या फिटिंगची नको. नीट क्रिंप केलेला (धातूच्या नळीत दाबून बसवलेला) आणि आत गोंद असलेल्या हीटश्रिंकने (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीने) बंद केलेला जोड मला सोल्डरपेक्षा बरा वाटतो. सोल्डर तारांमधून वर चढतो, तो भाग ताठ होतो आणि हलत्या जागी बरोबर त्याच्या काठावर वायर तुटते. सोल्डरच करायचा तर वाकणाऱ्या जागेपासून दूर. चार वायरी जोडायच्या असतील तर जोड एकाखाली एक घेऊ नका, पुढे-मागे ठेवा. पीळ घातलेली जोडी असेल तर पीळ परत घाला. वरून कापडी टेप आणि मूळ क्लिप.

वॉरंटीतल्या गाडीची वायर मात्र कापू नका, आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दाखवा.

चोर्ला किंवा वंटमुरी घाटात बंद पडली तर?

किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. चारही इंडिकेटर लावा. ब्रेकला व्हॅक्यूमची मदत एक-दोन वेळाच मिळते, तेव्हा पंप न मारता एकदाच दाबून धरा. स्टिअरिंग जड होईल, जोर लावून डाव्या कडेला घ्या, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. किल्ली बंद करून अर्ध्या मिनिटाने परत चालू करा. कमी ताकदीवर चालत असेल तर लहान गिअरमध्ये, ओव्हरटेक न करता, सपाटीपर्यंत न्या. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर असाल तर १०३३, इतरत्र ११२.

वायरमनकडे जाताना काय सांगावं?

‘मध्येच बंद पडते’ एवढ्याने काही कळत नाही. गार असताना की गरम असताना, पाय दाबलेला की काढलेला, एसी चालू होता का, पाऊस होता का, दिवा आधी लागला की नंतर, सेल्फने लगेच चालू झाली का, आणि तक्रार सुरू होण्याच्या आधी गाडीवर कुठलं काम झालं, ते सांगा. त्या वेळी डॅशबोर्डचा व्हिडिओ मिळाला तर फारच छान. कुठल्या गॅरेजला काय बदललं हेही लपवू नका, कुणी काही म्हणत नाही.

नव्या बुलेट-पल्सरसारख्या दुचाकींना हाच नियम?

बीएस-६ नंतरच्या बहुतेक दुचाकींत इंजेक्शन आलं, तरी थ्रॉटल केबलचाच असतो आणि त्याच्या जागेचा एक सेन्सर असतो. राइड-बाय-वायर (केबलऐवजी वायरीने चालणारा थ्रॉटल) मुख्यतः महागड्या मॉडेलात. केबलवाल्या बाइकच्या सेन्सरला ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल अशा तीनच वायरी असतात, मोजमाप वर सांगितलं तसंच. हँडल पूर्ण वळवल्यावरच बंद पडत असेल तर हँडलच्या मुळाशी वाकणाऱ्या वायरिंगवर आणि किल स्विचवर (हँडलवरच्या इंजिन बंद करायच्या बटणावर) आधी हात ठेवा.